दूताची भूमिका : भासाच्या दोन नाटकांतील तह

मराठीत ‘शिष्टाई’ हा शब्द उच्चारताच कृष्णाची हस्तिनापुरातील शिष्टाई आठवते, आणि ती फसली हेही त्याच क्षणी आठवते. दिल्लीच्या परिसरात ही आठवण गावांच्या नावांना चिकटून राहिली आहे. पानिपत, सोनिपत, बागपत, तिलपत व इंद्रपत हीच पांडवांनी मागितलेली पाच गावे, असे तेथील लोकपरंपरा सांगते. उद्योगपर्वातील नावे निराळी आहेत. आज त्याच परिसरातील शाळा-महाविद्यालयांत संयुक्त राष्ट्रांच्या अभिरूप सभा भरतात, आणि कधी न पाहिलेल्या देशाचे वकील होऊन विद्यार्थी तहाच्या कलमांवर वाद घालतात. दूताचे हे सोंग केवळ पोरखेळ ठरविण्यापूर्वी ‘दूतवाक्य’ व ‘पंचरात्र’ ही नाटके पुन्हा वाचावयास हवीत. (गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केलेली ही नाटके भासाचीच काय, हा वाद येथे बाजूस ठेवणे इष्ट.)

‘दूतवाक्या’त दुर्योधन दूताच्या आगमनापूर्वीच सभेची तालीम करून घेतो. कृष्णासाठी जो उठेल त्याला बारा सुवर्णभार दंड! स्वतःला उठावे लागू नये म्हणून तो द्रौपदीच्या केशाकर्षणाचा चित्रपट मागवून त्यात डोळे गुंतवतो. कृष्ण प्रवेश करताच सभा गडबडून उठते, आणि दंड सांगणारा स्वतःच आसनावरून खाली येतो. प्रसंग हास्यकारक खरा; पण भासाची मार्मिकता पुढे आहे. कृष्ण तो पट पाहतो, धिक्कारतो, आणि दूर करावयास लावतो. बोलणी करावयाची तर अपमान डोळ्यांआड करावा लागतो, हा दूताचा धर्म. तथापि तो निभत नाही. शब्दास शब्द वाढतो, दुर्योधन दूताला बांधू पाहतो, आणि दूत विश्वरूप धारण करून आयुधांना हाक मारतो. आयुधे देह धारण करून येतात. त्यांतील सुदर्शन त्यालाच शांत करतो. दुर्योधन आताच मेला तर भूभार हरण करण्याचे कार्य राहून जाईल! या एका समजावणीने सारी शिष्टाई संशयास्पद होते. जो युद्धासाठीच अवतरला, त्याने तहाची भूमिका किती मनापासून वठविली असेल? भास या प्रश्नाजवळ येतो आणि धृतराष्ट्राला कृष्णाच्या पायांवर घालून नाटक मिटवितो. येथे नाटककार कचरला, असेच म्हणावे लागते.

‘पंचरात्रा’त मात्र त्याने महाभारतच बदलले. द्रोण गुरुदक्षिणा म्हणून पांडवांसाठी अर्धे राज्य मागतो. पाच रात्रींत पांडवांचा शोध लागला तर ते देण्याचे दुर्योधन कबूल करतो. अखेरीस अर्जुनाच्या नावाचा बाण येतो, तर शकुनी म्हणतो की हा अर्जुन कोणी दुसराच असेल. हा कायदेपंडिती कावा संपतो तो विराटपुत्र उत्तराच्या आगमनाने. धर्मराजाने त्याला राज्य मागण्यास धाडलेले नाही. अभिमन्यूचा विवाह कोठे करावा, एवढेच विचारावयास धाडले आहे. पांडवांचा ठाव त्या निरोपातच लागतो. दुर्योधन वचन पाळतो, राज्य दिले जाते, युद्ध होत नाही.

पुरुषोत्तमाला जे साधले नाही ते लग्नाचा निरोप आणणाऱ्या पोराच्या हातून घडते, ही कल्पना विलक्षण आहे. पण हा तह स्वस्तही आहे. द्रौपदी या नाटकात रंगमंचावर येत नाही, आणि येथे कोणाला दूर करावयास लावावे असा चित्रपटही नाही.