प्रारूप प्राण्याची निवड : विकासात्मक जीवशास्त्राच्या अध्यापनाची एक चिकित्सा

विकासात्मक जीवशास्त्रात कोंबडी, फळमाशी, झेब्राफिश, हायड्रा या प्रारूप प्राण्यांना स्थान मिळाले ते प्रामुख्याने सोयीमुळे. कोंबडीचे पिल्लू 21 दिवसांत अंड्यातून बाहेर येते; फळमाशी 25 अंश सेल्सिअस तापमानात सुमारे 10 दिवसांत प्रौढ होते. अध्यापनात मात्र ही सोय विसरली जाते व एका प्राण्याचे उत्तर सर्वांचा नियम ठरते.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा आहे. पुणे विद्यापीठात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावर संशोधन केले. आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी व सहकाऱ्यांनी पुण्यातील हायड्राचे वर्णन 2011 मध्ये प्रसिद्ध केले. स्थानिक प्राणीही प्रारूप होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन थांबवण्यास सांगितले. हा निर्णय उचितच होय. परंतु त्याची जागा केवळ तयार काचपट्ट्यांनी घेतली, तर विद्यार्थ्याला अवस्था दिसतात, विकास दिसत नाही. मरोळसारख्या उपनगरात बाजारातील अंडे सहसा अफलित असते. फलित अंडे उबवणी केंद्रातून आणावे लागते. हायड्रा मात्र काचेच्या भांड्यात जगतो आणि त्याचे मुकुलन, इजा न करता, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

तथापि हायड्राला हृदय नाही. ते कसे घडते, हे तो सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत दोन प्रश्न अनिवार्य असावेत : हाच प्राणी का निवडला, आणि या निवडीमुळे काय पाहायचे राहिले?