आत्मपरीक्षण आणि आरोपपत्र : नियोगी समितीचा अहवाल व ख्रिस्ती समाजातील वाद

मध्यप्रदेश शासनाने १४ एप्रिल १९५४ रोजी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९५६ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु बहुतेक लेखन त्याचा कैवार घेणारे तरी आहे किंवा त्याचा धिक्कार करणारे तरी. प्रस्तुत लेखात अहवालातील प्रत्येक आरोपाची शहानिशा करण्याचा हेतू नाही. ख्रिस्ती समाजात आधीपासून चालत आलेल्या एका वादाचे या अहवालाच्या भाषेत काय झाले, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

त्या काळी वऱ्हाड मध्यप्रदेशातच होते. समितीने १४ जिल्ह्यांत प्रवास केला आणि त्यांत वऱ्हाडचे जिल्हेही होते. समितीने ७७ केंद्रांना भेटी दिल्या, ११,३६० लोकांशी संपर्क साधला, ३७५ लेखी निवेदने स्वीकारली आणि ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढून ३८५ उत्तरे मिळविली. या भागात ख्रिस्ती संस्थांचे जाळे जुने होते. अकोला, अमरावती व खामगाव येथे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम होते. बुलढाणा व वाशीम येथे नाझरीन मिशन होते. अचलपूरकडे कोरकू लोकांत काम करणारे मिशन होते. यवतमाळ येथे १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली होती. तेव्हा हा अहवाल म्हणजे दूरच्या वनप्रदेशाची हकिकत नसून आपल्या परिसराच्या इतिहासाचे ते एक साधन आहे, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

समितीच्या नेमणुकीचा ठराव पाहिला असता तो दुहेरी स्वरूपाचा दिसतो. मिशनरी बळाने, कपटाने किंवा आमिषाने धर्मांतर घडवितात, ही तक्रार त्यात एका बाजूस नमूद आहे. आपले कार्य धर्मोपदेश व समाजसेवा यांपुरतेच असून स्थानिक अधिकारी व ख्रिस्तेतर लोक आपल्याला त्रास देतात, हे मिशनऱ्यांचे म्हणणे दुसऱ्या बाजूस नमूद आहे. म्हणजे सत्य दोन्हीकडून तपासावयाचे होते. अहवालाचे मुख्य निष्कर्ष मात्र जवळजवळ सर्वस्वी पहिल्या बाजूकडे वळलेले आहेत. भारतातील धर्मप्रसार हा पाश्चात्य वर्चस्व पुन्हा स्थापन करण्याच्या जागतिक धोरणाचा भाग आहे, हा त्यांतील सर्वांत दूरगामी निष्कर्ष होय.

या निष्कर्षापर्यंत पोहोचण्याची रीत तपासण्यासारखी आहे. जानेवारी १९५० ते जून १९५४ या काळात परदेशांतून २९.२७ कोटी रुपये आले, असा हिशेब अहवाल देतो. हा हिशेब वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे आणि त्याची पडताळणी करता येते. त्या पैशामागे एकच राजकीय हेतू आहे, हे मात्र अनुमान आहे. अहवालाच्या गद्यात विधान व अनुमान ही एकाच स्वरात येतात. शिवाय अकोल्याचा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक, रायगडकडील कॅथलिक फादर आणि अमेरिकेतील निधी गोळा करणारे मंडळ हे सारे ‘मिशनरी’ या एका नामात सामावले जातात आणि वाक्याचा कर्ता एक झाला की हेतूही एकच भासू लागतो. झारखंडाच्या मागणीचा धागा याच रीतीने धर्मांतराशी जोडला जातो. व्यक्तीने धर्म बदलला की तिची राष्ट्रनिष्ठा ढळते आणि पुढे फुटीरपणा ओढवतो, अशी ती साखळी आहे. घडलेल्या हिंसेची चौकशी आणि घडू शकेल अशा हिंसेची भीती यांत प्रमाणाच्या दृष्टीने मोठे अंतर असते. पक्षाभिनिवेशाची भाषा हेच अंतर बुजविते.

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. मिशन आणि साम्राज्य यांच्या संबंधावर नियोगी समितीच्या कितीतरी आधी ख्रिस्ती लोकांनीच बोट ठेवले होते. १९१० साली एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरया यांनी परदेशी मिशनऱ्यांच्या वांशिक श्रेष्ठत्वाच्या भावनेवर त्यांच्या समोरच टीका केली आणि उपकारांपेक्षा मैत्रीची मागणी केली. महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची वेतनी चाकरी सोडून ‘देवाच्या दरबारा’ची कल्पना मांडली, त्यामागेही ख्रिस्ताची भक्ती परकीयांच्या मिंधेपणातून मोकळी व्हावी ही तळमळ होती.

सविनय कायदेभंगाच्या काळात हा वाद अधिक तीव्र झाला. १९३० साली जो. कॉ. कुमारप्पा यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांना अहिंसात्मक लढ्याच्या पाठीशी उभे राहण्याचे आवाहन केले, तेव्हा कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांनी कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीशी जुळत नाही असे उत्तर दिले. वादाचा गाभा मूलभूत होता. सत्तेच्या शस्त्रबळाला धर्माने मान्यता द्यावयाची आणि निःशस्त्र प्रतिकाराला मात्र अधर्म म्हणावयाचे, ही विसंगती कुमारप्पांसारख्यांना सहन होणारी नव्हती. नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांनी १९३२ च्या सुमारास व्हेरियर एल्विन यांच्याकडे राजनिष्ठेच्या शपथेची मागणी केली. एल्विन यांनी ती मानली नाही आणि १९३५ साली ते चर्चपासून दूर झाले. एस. के. जॉर्ज यांनी १९३२ मध्ये सत्याग्रहाच्या समर्थनापायी कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातील अध्यापकाची जागा सोडली. ‘गांधीज चॅलेंज टु ख्रिश्चॅनिटी’ या १९३९ च्या ग्रंथात त्यांनी गांधींच्या मार्गात क्रूसाचाच अर्थ शोधला.

हेच जॉर्ज पुढे वर्ध्यास प्राध्यापक असताना नियोगी समितीचे एकमेव ख्रिस्ती सभासद झाले आणि तिचा अहवाल एकमताने सादर झाला. ते आपल्या समाजाचे प्रतिनिधी नव्हते, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे. प्रतिनिधित्व नसलेला मनुष्यही सत्य सांगू शकतो आणि जॉर्ज यांच्या प्रामाणिकपणावर संशय घेण्यास जागा नाही. विचार करावयाचा तो त्यांच्या टीकेच्या स्थलांतराचा. १९३२ साली त्यांची टीका चर्चला उद्देशून होती. तिची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती आणि ती राजसत्तेच्या विरुद्ध उभी होती. १९५६ साली जवळजवळ तीच टीका राजसत्तेच्या हातात गेली. परदेशी आधाराविना संयुक्त व स्वतंत्र भारतीय चर्च उभे राहावे, ही समितीची शिफारस अझरया किंवा टिळक यांच्या आकांक्षेहून फारशी निराळी वाटत नाही. परंतु आकांक्षा म्हणून जी गोष्ट मुक्तीची आहे, तीच शासनाची शिफारस म्हणून नियंत्रणाची होते. धर्मप्रचाराचे साहित्य राज्यशासनाच्या संमतीवाचून वाटू नये, ही त्याच अहवालातील दुसरी शिफारस शेजारी ठेवली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. राजनिष्ठेची शपथ मागणारे बिशप वुड आणि राष्ट्रनिष्ठेची हमी मागणारी समिती यांच्या भूमिका परस्परविरुद्ध असल्या, तरी श्रद्धेला निष्ठेच्या कसोटीवर घासण्याची रीत एकच आहे.

ख्रिस्ती बाजूचे उत्तरही या दृष्टीने समाधानकारक म्हणता येत नाही. कॅथलिकांनी आरंभीच्या प्रवासांत समितीशी सहकार्य केले. पुढे निषेध नोंदवून ते दूर झाले आणि त्यांनी नागपूर उच्च न्यायालयात अर्ज केला. मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला व अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातील न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी तो १२ एप्रिल १९५६ रोजी फेटाळला. १९५७ साली मुंबईच्या कॅथलिक असोसिएशनतर्फे आलॉयशियस सोआरिश यांचे ‘ट्रुथ शॅल प्रीव्हेल’ हे प्रत्युत्तर प्रसिद्ध झाले. घटनेतील हक्कांचा आधार घेणे रास्तच होते. परंतु शाळा व दवाखाने यांची यादी पुढे केल्याने वर्णश्रेष्ठत्वाच्या आरोपाला उत्तर मिळत नाही. तो आरोप पन्नास वर्षे चर्चच्या आतूनच होत होता. बाहेरून हल्ला आला म्हणून आतला प्रश्न मिटविणे हेही पक्षाभिनिवेशाचेच लक्षण होय. समितीने आत्मपरीक्षणाचे आरोपपत्र केले. प्रत्युत्तर देणाऱ्यांनी आरोपपत्राच्या भीतीने आत्मपरीक्षण आवरते घेतले. दोहोंचा परिणाम एकच झाला.

मग न्याय्य परीक्षणाची रीत कोणती? वऱ्हाडातीलच उदाहरण घेऊ. वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी उपयोग कायद्याने बंद करावा, असे समितीने सुचविले. अचलपूरजवळ कोठारा येथे मिशनचे कुष्ठरुग्णालय होते, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवनात कुष्ठसेवा सुरू केली. दोन्ही ठिकाणी समाजाने टाकलेला मनुष्य आश्रयास येई. आश्रयदाता व आश्रित यांचे नाते विषम असते, आणि अशा नात्यात केलेला उपदेश कितपत निर्हेतुक राहतो, ही समितीची शंका निराधार नाही. परंतु तिचा निर्णय संस्थेचा धर्म किंवा पैशाचे मूळ पाहून होणार नाही. औषधोपचार अटीवर होता काय, बाप्तिस्मा न घेतलेल्या रोग्यास वेगळी वागणूक मिळे काय, आणि स्वतः रोगी काय सांगतो, हे प्रश्न विचारावे लागतील. धर्म बदलणारा दरिद्री मनुष्य स्वतःच्या बुद्धीने निर्णय करू शकत नाही, हे समितीने गृहीत धरलेले दिसते. मिशनच्या कित्येक जुन्या प्रतिवृत्तांतही तो केवळ ‘उद्धरलेला जीव’ म्हणून येतो. त्याचे कर्तेपण दोन्हीकडे नाकारले गेले आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड मुंबई राज्यात आले. त्यामुळे मध्यप्रदेशाने १९६८ साली केलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा, जो १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला, येथील जिल्ह्यांना लागू झाला नाही. परंतु अहवालाची भाषा प्रांताच्या सीमेशी थांबली नाही. ती आजही वादांत ऐकू येते. म्हणून आपल्या विभागातील अभ्यासकांनी दुसऱ्या खंडातील वऱ्हाडविषयक मजकूर स्थानिक मंडळ्यांची कार्यवृत्ते, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या व ‘ज्ञानोदया’चे जुने अंक यांच्याशी ताडून पाहावा, असे सुचवावेसे वाटते. असे करताना एक पथ्य पाळावे लागेल. एखाद्या समाजातील माणसाने आपल्या समाजावर केलेली टीका उद्धृत करताना ती कोणाला उद्देशून होती आणि तिच्यातून त्याला काय साधावयाचे होते, हे प्रथम नोंदले पाहिजे. एवढे न केल्यास जॉर्ज यांच्यासारख्यांचे शब्द अचूक उतरतील, पण त्यांचा अर्थ नेमका उलटा होईल. आणि आपल्याच लोकांना खडे बोल सुनावण्याचे धैर्य पुढच्या पिढीत कोणी दाखविणार नाही.