काचेआडची पोथी आणि उतरवलेलं नाव

मागच्या खेपेला आपण लॉकपाशी थांबलो होतो. क्रमाने जायचं तर आज बर्कली यायला हवा. तो येणार आहे, पण जरा आडवाटेने. आज आम्ही एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या प्रदर्शनाविषयी बोलणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या मास्तराने प्रदर्शनावर कशाला बोलावं, असं कुणाला वाटेल. थोडा धीर धरा.

ग्रंथालय डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचं. कॉलेज 1592 सालचं. 2024 च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता धाकट्या कन्येकडे डब्लिनला गेलो होतो आणि तिने तिकिटं काढून ठेवली होती. हो, ग्रंथालयात जायला तिकीट लागतं, आणि ते वेळेचं असतं. जुन्या ग्रंथालयाच्या दारात रांग होती. रांग म्हणजे आपल्याकडे पंढरपुरात मुखदर्शनाची असते तशी, फक्त आवाज नाही. पुढच्याच्या पाठीकडे बघत सरकायचं, काचेपाशी पोचलं की काही क्षण वाकायचं, की मागचा खाकरतोच.

काचेत आहे ते 'बुक ऑफ केल्स'. साधारण इसवी सन 800 च्या सुमाराचं, वासराच्या कातड्यावर लिहिलेलं चार शुभवर्तमानांचं लॅटिन हस्तलिखित. आज त्याची 340 पत्रं उरली आहेत, म्हणजे 680 पानं. 1953 मध्ये त्याची चार खंडांत बांधणी झाली. प्रकाशाने रंग उडू नयेत म्हणून खोली अंधारी, दिवा मंद. काही आठवड्यांनी पान उलटतात. म्हणजे आपल्या वाट्याला 680 पैकी दोन पानं येतात, फार तर चार. ती कोणती, हे आपण ठरवत नाही.

आता यावर तक्रार करणं सोपं आहे. पुस्तक वाचायला असतं, तुम्ही ते बघायला लावता, ही तक्रार आम्हीही मनातल्या मनात तयार ठेवलीच होती. पण हे पुस्तक त्या तक्रारीला दाद देत नाही. त्याच्या नक्षीची कीर्ती जगभर, पण मजकुराकडे नकलकारांनी बऱ्याच ठिकाणी दुर्लक्ष केलंय. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की मी शांती नाही तर तलवार घेऊन आलो आहे. लॅटिनमध्ये तलवार म्हणजे 'ग्लादियुम'. केल्सच्या लेखनिकाने तिथे 'गाउदियुम' लिहिलं, म्हणजे आनंद! अक्षरांच्या घोळाने तलवारीचा आनंद झाला आणि तो कुणी दुरुस्तही केला नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला चारही शुभवर्तमानांतले समान उतारे शोधण्याची कोष्टकं आहेत, अत्यंत देखणी. पण मजकुरात जे क्रमांक घालायला हवे होते तेच घातलेले नाहीत. त्यामुळे कोष्टकांवरून काहीही सापडत नाही. अभ्यासक यावरून अनुमान काढतात की हा ग्रंथ रोजच्या वाचनासाठी नव्हताच. वेदीवर ठेवण्यासाठी, सणासुदीला लोकांना दाखवण्यासाठी होता. म्हणजे काचेच्या पेटीने त्याचा फारसा अपमान केलेला नाही. तो जन्मतःच प्रदर्शनातला आहे.

दाखवण्याच्या हौसेपायी त्याने सोसलंही बरंच. 1007 साली तो केल्सच्या चर्चमधून चोरीला गेला. दोन महिने वीस रात्रींनी मातीखाली सापडला, सोन्याचं वेष्टन गेलेलं. चोराला मजकुरात रस नव्हता, हे उघडच आहे. एकोणिसाव्या शतकात नवी बांधणी करताना कडा छाटल्या, त्यात नक्षीही गेली. 1849 मध्ये व्हिक्टोरिया राणी आणि तिचे यजमान आले. त्यांच्यासाठी पुस्तक उघडलं आणि दोघांनी त्यावर सह्या केल्या! ते पान मूळ ग्रंथाचं नव्हतं, नंतर जोडलेलं कोरं पान होतं, एवढंच नशीब.

तेव्हा आमची टीका केल्सच्या पेटीवर नाही. ती वरच्या मजल्यावर सुरू होते.

वरच्या मजल्यावर 'लाँग रूम' आहे. 1712 ते 1732 या काळात बांधलेलं, सुमारे 65 मीटर लांबीचं दालन. 1801 पासून या ग्रंथालयाला ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत मागण्याचा हक्क मिळाला, पुस्तकं मावेनात, तेव्हा 1860 च्या सुमारास छत उचलून वर आणखी एक सज्जा काढला. आज दिसतं ते लाकडी कमानदार छत त्या वेळचं. या दालनातली दोन लाख जुनी पुस्तकं हे त्याचं वैभव. आम्ही गेलो तेव्हा कपाटं जवळजवळ रिकामी होती. 2019 मध्ये पॅरिसचं नोत्र दाम जळालं, त्यानंतर डब्लिनकरांनी आपल्या जुन्या लाकडी इमारतीच्या दुरुस्तीचं मनावर घेतलं. पुस्तकं एकेक करून उतरवली, धूळ काढली, खूणचिठ्ठ्या लावल्या, सुरक्षित कोठारात नेली. हे काम आम्हाला फार आवडलं. प्रत्येक पुस्तकाला कुणीतरी हात लावला. कित्येकांना तर शंभर-दीडशे वर्षांनी माणसाचा स्पर्श झाला असेल.

पण रिकामं दालन बघायला लोक तिकीट काढून येणार, तर त्यांना काय दाखवायचं? दालनात पृथ्वीचा भलामोठा उजळलेला गोल टांगला होता. ल्यूक जेरम या कलावंताची 'गाया' नावाची कलाकृती. बाहेरच्या अंगाला वेगळा मांडव, त्यात भिंतींवर फिरणारी केल्सची नक्षी, संगीत, प्रकाश. मुलं खूश होती. आम्हीही पहिली पाचेक मिनिटं तोंड उघडून बघत होतो, खोटं कशाला सांगा. मग ध्यानात आलं की पुस्तकं नसूनही या दालनाचं काही अडलेलं नाही. रांग तेवढीच, फोटो तेवढेच. पुस्तकं असतानाही लोक त्यांच्या पाठीच बघत होते, कातडी आणि सोनेरी अक्षरं. पाठ दिसत होती तेव्हाही पोट बंदच होतं.

इथे बर्कली येतो. जॉर्ज बर्कली 1685 सालचा, किल्केनीचा. पंधराव्या वर्षी ट्रिनिटीत आला, 1707 मध्ये तिथलाच फेलो झाला, काही काळ तिथला ग्रंथपालही होता. 'असणं म्हणजे जाणवणं' हे त्याचं सूत्र विद्यार्थी परीक्षेपुरतं पाठ करतात. आपल्याकडचा दृष्टिसृष्टिवाद आठवून काही जण त्याला वेदान्ती करून टाकतात. ते आपण पुढच्या वेळी सावकाश तपासू. आज हवा आहे तो त्याआधीचा बर्कली, 1709 च्या 'दृष्टीचा नवा सिद्धान्त' या पुस्तकातला. तो म्हणतो, डोळ्यांना अंतर दिसतच नाही. दिसतात ते रंग आणि प्रकाश. हात लावून, चालून, धडपडून आपण शिकतो की अमुक दिसलं की अमुक हाताला लागतं. म्हणजे दिसणं ही भाषा आहे आणि तिचा अर्थ स्पर्शात आहे.

हे मान्य केलं तर काचेची पेटी म्हणजे काय? खूण ठेवायची आणि अर्थाची वाट बंद करायची. केल्सपुरती ती वाट बंद असणं रास्त आहे. ते कातडं बाराशे वर्षांचं आहे आणि त्याचं प्रत्येक पान आज घरबसल्या संगणकावर फुकट, मोठं करून बघता येतं. आम्ही 'गाउदियुम' वाचलं ते पेटीपाशी नाही, इथे, आमच्या टेबलावर. मात्र विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 'बघा, पण उघडू नका' हीच सवय पाहुण्यांना लावावी का? आमच्या मते नाही. एखादं साधं, पडून राहिलं तरी चालेल असं अठराव्या शतकातलं पुस्तक मेजावर ठेवा, शेजारी माणूस बसवा, लोकांना पान उलटू द्या. कागदाचा वास येऊ द्या. तेवढ्याने गोलाची गरज उरली नसती, असं आम्हाला वाटतं. सौभाग्यवतींचं मत वेगळं आहे. त्यांना गोल आवडला.

हा दोष तिकडचाच आहे असं समजू नका. आम्ही जिथे शिकवत होतो तिथल्या ग्रंथालयात दर्शनी भागात काचेचं कपाट होतं. आत एक पोथी, खाली चिठ्ठी: 'दुर्मीळ हस्तलिखित. काचेला हात लावू नये.' कुणाची, कशावरची, कधीची, काही नाही. आम्ही ती वाचायला मागितली. किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. महिन्याने आले तर किल्ली सापडेना. अखेर कपाट उघडलं तेव्हा कळलं की मांडलेलं पान पोथीचं शेवटचं. लाल शाई होती म्हणून कुणीतरी ते वर ठेवलं होतं. बाकीची पोथी बासनात, खालच्या फडताळात. बारा वर्षं आम्ही त्या कपाटावरून रोज वर्गात जात होतो. दसऱ्याला आपण पुस्तकं पाटावर मांडून त्यांची पूजा करतो, वाचत नाही; पण दुसऱ्या दिवशी उचलतो. त्या कपाटात बारा वर्षं दसराच चालू होता.

असो. ट्रिनिटीतली आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मांडणी मात्र कोणत्याच पेटीत नव्हती. लाँग रूमच्या दुतर्फा विद्वानांचे संगमरवरी अर्धपुतळे आहेत. ते 40, आणि सगळे पुरुष. 2023 च्या फेब्रुवारीत त्यांत चार स्त्रिया आल्या: रोझलिंड फ्रँकलिन, एडा लव्हलेस, ऑगस्टा ग्रेगरी आणि मेरी वुलस्टनक्राफ्ट. फार उशीर, पण चांगलं झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जुन्या ग्रंथालयाशेजारच्या आधुनिक ग्रंथालयावरून एक नाव उतरवलं गेलं. ती इमारत 1967 ची. 1978 मध्ये तिला बर्कलीचं नाव दिलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तिला नावच नव्हतं. ऑक्टोबरात कवयित्री ईव्हन बोलंड यांचं नाव देण्याचं ठरलं.

नाव उतरवलं, कारण बर्कली गुलामांचा मालक होता. 1729 ते 1731 या काळात तो अमेरिकेत ऱ्होड आयलंडला, न्यूपोर्टजवळ राहिला. तिथे त्याने शेत घेतलं आणि माणसं विकत घेतली. आणि हे केवळ काळाच्या ओघात झालं, असंही म्हणता येत नाही. बाप्तिस्मा दिल्याने गुलाम मुक्त होत नाही, तेव्हा मालकांनी घाबरू नये, अशी मांडणी त्याने लिहून केली होती. पुढे ते शेत त्याने येल कॉलेजला दिलं, पुस्तकंही दिली. येलच्या ग्रंथालयाचा तो मोठा दाता ठरला.

आम्ही बत्तीस वर्षं बर्कली शिकवला. या गोष्टीवर एक वाक्य बोललो नाही. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चरित्रात ते होतं, आम्ही ते पान भराभर उलटलं. तत्त्वज्ञाच्या युक्तिवादाचा त्याच्या शेतीशी काय संबंध, हे आमचं ठरलेलं उत्तर. एकदा एका विद्यार्थ्याने मागच्या बाकावरून विचारलं होतं, सर, बर्कलीला जाणवणारी माणसं कोणती आणि न जाणवणारी कोणती? आम्ही त्याला अवांतर प्रश्न विचारू नकोस म्हणालो. तो प्रश्न अवांतर नव्हता.

तेव्हा नाव उतरवलं हे योग्य झालं का? झालं, असं आमचं मत. इमारतीवरचं नाव हा मान असतो. मान काढून घेता येतो आणि त्याने पुस्तकातला एकही युक्तिवाद पुसला जात नाही. बर्कली आजही तिथे शिकवला जातो. विद्यापीठाने त्याच्या स्मरणार्थ असलेली रंगीत काचेची खिडकी ठेवली आहे आणि ती समजावून सांगण्याचं ठरवलं आहे. आमची तक्रार वेगळी. नाव लावणं हे प्रदर्शन होतं, नाव काढणं हेही प्रदर्शनच आहे, आणि दोन्हींत वाचायला काही नाही. जिथे नाव होतं तिथेच एक पेटी हवी होती. तिच्यात 1709 चं दृष्टीवरचं पुस्तक, आणि शेजारी दोन कागदांच्या नकला.

पहिला कागद खरेदीचा, ऑक्टोबर 1730 चा. त्यात फिलिप नावाचा सुमारे चौदा वर्षांचा मुलगा. त्याच महिन्यात वीस वर्षांचा एडवर्ड. दुसरा कागद न्यूपोर्टच्या चर्चच्या नोंदवहीतला, जून 1731 चा. त्या दिवशी बर्कलीने आपल्याकडच्या तिघांना बाप्तिस्मा दिला. त्यांची नावं फिलिप बर्कली, अँथनी बर्कली, ॲग्नेस बर्कली अशी नोंदवलेली आहेत. एडवर्ड त्या तिघांत नाही.