अरण्य आणि सिंहासन : ‘बाहुबली २’च्या समीक्षेतील एक अनुत्तरित प्रश्न

एस. एस. राजमौली दिग्दर्शित ‘बाहुबली २ : द कन्क्लूजन’ (२०१७) या महाकाव्यसदृश कथेच्या अंतिम चित्रपटाच्या समीक्षेत भव्यता, दृश्य-परिणाम आणि कटप्पाने केलेल्या हत्येचा उलगडा यांचीच चर्चा प्राधान्याने झाली. २०१८ मध्ये त्यास मिळालेले राष्ट्रीय पुरस्कारही लोकप्रियता, दृश्य-परिणाम व साहसदृश्ये यांसाठीच होते. हा गौरव रास्त आहे. परंतु तो पुरेसा नाही.

पहिल्या भागात (२०१५) नायकाला धबधब्याच्या पायथ्याची जमात वाढविते. अंतिम भागात तो सिंहासनावर बसतो तो मात्र रक्ताच्या वारशाने. संगोपन करणारे अरण्य कथेच्या केंद्रापासून दूर जाते. पहिल्या भागातील कालकेय तर केवळ संहारासाठीच अवतरतात. अरण्याने एकतर राजपुत्र सांभाळावा, नाहीतर शत्रू पुरवावा. राज्य करणे त्याच्या वाट्यास येत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला ही मांडणी सहज पटू नये. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी होती. जटपुरा, पठाणपुरा हे परकोटाचे दरवाजे आजही त्याची साक्ष देतात. येथील इतिहासात अरण्य आणि राजसत्ता परस्परविरोधी नव्हत्या. या भूमीवरून पाहता, अंतिम चित्रपटाचे मूल्यमापन ‘सिंहासन कोणाला मिळाले?’ एवढ्यावर थांबत नाही. ‘ते कोणाला कधीच मिळू शकत नाही?’ हा प्रश्नही त्यास विचारावा लागतो.