‘गाव : शिरगाव’ म्हणजे नेमकं कुठलं?

मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांना कोकणातलं मूळ गाव शोधायचं असतं, तेव्हा वाट बहुतेक वेळा मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे जाते. १८३४ पासून करारावर गेलेल्या मजुरांच्या नोंदवह्या तिथे आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक. मग नाव, वडिलांचं नाव, वय, जात, उंची, जिल्हा, परगणा, गाव. इतके सुटसुटीत रकाने दिसले की आपण काय करतो? गावाचं नाव गूगल मॅप्समध्ये टाकतो आणि पहिलं जे येईल ते पूर्वजांचं गाव ठरवून मोकळे होतो. माझा आक्षेप या सवयीवर आहे.

समजा, नोंद आहे ‘रत्नागिरी, शिरगाव’. आता शिरगाव रत्नागिरी शहराजवळ आहे, चिपळूण तालुक्यात आहे आणि देवगड तालुक्यातही आहे. देवगड आज सिंधुदुर्गात, पण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली. त्याआधी ते सगळं रत्नागिरीच. म्हणजे आजच्या सीमा लावून शोधणारा एक शिरगाव आधीच गमावतो, आणि गमावलंय हे त्याला कळतसुद्धा नाही! ‘मुंबई’ लिहिलं असेल तर आणखी पंचाईत. ते गाव, की जहाज सुटलं ते बंदर, की पोटासाठी आधीच कोकण सोडलेल्या माणसाचा तेव्हाचा मुक्काम?

शिवाय मजुराने सांगितलं, कारकुनाने ऐकलं तसं रोमन लिपीत उतरवलं. तिथे ळ आणि ल सारखेच, ट आणि तसुद्धा. वही मजुरांचा हिशेब ठेवायला होती, वंशजांना घर सापडावं म्हणून नव्हे.

आपण विज्ञानवाले उपकरणाची त्रुटी आठवणीने लिहितो, कागदाची मात्र लिहीत नाही. एमएस्सीला मी पाण्याच्या एका बाटलीवर नुसतं ‘ओढा, पुलाजवळ’ लिहिलं होतं. सहा महिन्यांनी, कुठला पूल? नमुना फेकला, विषय संपला. इथे मात्र कुणीतरी समुद्र ओलांडून येतो आणि भलत्याच गावच्या ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवतो.

म्हणून एकट्या ओळीवर थांबू नका. त्याच जहाजाच्या मागच्या-पुढच्या नोंदी वाचा. एका भागातली माणसं कित्येकदा मिळून निघत, त्यामुळे शेजारच्या ओळीतला स्पष्ट परगणा तुमच्या अंदाजाला टेकू देतो. टेकूच हं, पुरावा नाही. मग क्रमांकावरून त्याच माणसाचे पुढचे कागद शोधा. तिथे गाव दुसऱ्याच कुणी लिहिलेलं असेल, तर दोन्ही स्पेलिंगं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. मूळ उच्चार बऱ्याचदा असाच हाती लागतो.

आणि वंशावळीच्या सुबक तक्त्यातही ‘शिरगाव (देवगड?)’ असंच लिहा. “एवढं शोधलंस आणि शेवटी प्रश्नचिन्ह?” असं घरचे विचारतील. विचारू देत.