उद्धरणांची गणना आणि कोसंबींची भूमिती

भूमितीच्या अभ्यासकाचे संशोधन मोजावे कसे, हा प्रश्न धरमपेठेतील एखाद्या महाविद्यालयाच्या शिक्षक-दालनात निघाला की चर्चा लवकरच गुणांकांवर येते. हिर्श यांचा एच-निर्देशांक २००५ सालचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदोन्नतीसाठी गुणांची कोष्टके आणली ती २०१० साली. प्रस्तुत लेखात दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्या गणिती लेखनाच्या आधारे या गणनेची मर्यादा तपासली आहे. इतिहासकार कोसंबी मराठी वाचकास परिचित आहेत. त्यांची भूमिती क्वचितच वाचली जाते.

१९३३ साली ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात त्यांचा पथ-अवकाशांवरील निबंध प्रसिद्ध झाला. द्वितीय क्रमाच्या अवकल समीकरणांच्या उकलींना ‘पथ’ मानावे आणि अंतराचे कोणतेही माप आधी गृहीत न धरता त्या पथांची भूमिती उभारावी, ही त्यातील कल्पना. एली कार्टान यांचे त्यावरील टिपण त्याच अंकात लगेच पुढे छापले गेले. १९३९ मध्ये चेर्न यांनी विषय पुढे नेला आणि ‘कोसंबी–कार्टान–चेर्न’ हे नाव रूढ झाले. शेजारचे पथ परस्परांजवळ येतात की दूर जातात, हे या सिद्धांतातील एका अचलावरून कळते. म्हणूनच प्रणालींच्या स्थिरतेच्या अभ्यासात तो वापरला जातो. मात्र भौतिकी व जीवशास्त्रातील हे उपयोजन ठळकपणे पुढे आले ते आंतोनेल्ली, इंगार्डेन व मात्सुमोतो यांच्या १९९३ च्या ग्रंथाने, म्हणजे कोसंबींच्या निधनानंतर सत्तावीस वर्षांनी. कोणत्या वार्षिक अहवालात याचे गुण मिळाले असते?

फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असताना लिहिलेल्या दोन निबंधांची कथा अधिक बोलकी आहे. १९४४ च्या सुमारास लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आलेले जनुकीय अंतराचे सूत्र आजही ‘कोसंबी फलन’ म्हणून वापरात आहे. पुष्कळदा नाव मजकुरात येते, पण मूळ निबंध संदर्भसूचीत येत नाही. अशा वेळी निर्देशांकाला काहीच दिसत नाही. १९४३ चा फलन-अवकाशातील सांख्यिकीवरील निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आला. तीच कल्पना पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावांनी प्रसिद्ध पावली. महायुद्धाचा काळ होता हे खरे. तरीही नियतकालिक कोठून निघते याचा परिणाम नाकारता येत नाही. आपण हे ज्या प्रकारच्या पानांवर वाचत आहोत, त्यांच्याशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे.

येथे कोसंबींचा गौरव करून थांबणे सोयीचे ठरेल, पण न्याय्य नव्हे. १९५९ मध्ये रीमान गृहीतकासंबंधी त्यांनी केलेला दावा टिकला नाही व त्यांच्या गणिती प्रतिष्ठेस त्याने धक्का बसला. निबंधांच्या संख्येत तोही एकच धरला जातो, १९३३ चाही एकच. शिवाय, आपल्या अनुद्धृत निबंधांच्या समर्थनार्थ कोसंबींचे नाव पुढे करणाऱ्यांनी कार्टान यांच्यासारखा वाचक त्यांना तत्काळ लाभला होता, हे विसरू नये.

त्यांच्या निवडक गणिती लेखनाचा रामकृष्ण रामस्वामी संपादित ग्रंथ २०१६ मध्ये निघाला आहे. १९३३ चा निबंध आणि कार्टान यांचे टिपण मिळून मूळ अंकात जेमतेम पंधरा पाने होतात. मूल्यमापन समितीच्या एका बैठकीत ती वाचून होऊ शकतात.