‘रोगप्रतिकारशक्ति’: एका शब्दाचें परीक्षण

ग्रंथांचें परीक्षण करण्याची चाल आपल्याकडे आहे. शब्दांचें परीक्षण क्वचितच होतें. वास्तविक एकादा ग्रंथ वाईट निघाला तर तो चारदोनशें वाचकांचा वेळ घेतो. शब्द वाईट निघाला तर सबंध समाजाच्या विचारास वांकडें वळण लागतें. २०२० व २०२१ या दोन वर्षांत ज्या शब्दाचा मराठींत घरोघर घोष झाला तो ‘रोगप्रतिकारशक्ति’. या शब्दानें आपणांस काय समजाविलें आणि काय समजूं दिलें नाहीं, हें पाहण्याचा आमचा हेतु आहे.

ज्या इंग्रजी शब्दाचें हें भाषांतर, त्याचें मूळ लॅटिन असून अर्थ आहे करांतून वा सार्वजनिक कर्तव्यांतून मिळालेली सूट, आपल्याकडील माफीसारखी. मराठींत येतांना तिच्या जागीं ‘शक्ति’ आली. शक्ति म्हटली कीं ती दूधतुपानें वाढणारी, तालमींत कमावतां येणारी वस्तु. तेव्हां ‘प्रतिकारशक्ति वाढवा’ हा उपदेश ओघानेंच आला. २०२० सालीं केंद्राच्या आयुष मंत्रालयानेंहि काढा, हळदीचें दूध व च्यवनप्राश यांची शिफारस केली. हळदीचें दूध पिण्यांत अपाय नाहीं. अपाय आहे तो त्यामागील समजुतींत.

शास्त्र काय सांगतें तें पाहूं. कोरोना विषाणूच्या अंगावर कांट्यांसारखीं प्रथिनें असतात. आपल्या नाकांतील व फुप्फुसांतील पेशींवर ‘एसीई-२’ नांवाचें प्रथिन असतें. त्या कुलुपांत हा कांटा किल्लीसारखा बसतो व विषाणु आंत शिरतो. बाधा झालेली पेशी ‘इंटरफेरॉन’ नांवाचें द्रव्य सोडून शेजारच्या पेशींस सावध करते. ही गांवांत दवंडी पिटण्यासारखी गोष्ट आहे, आणि या विषाणूची लबाडी अशी कीं तो दवंडीच दाबून ठेवतो. पुढें कांहीं दिवसांनीं, परक्याची नेमकी ओळख पटलेल्या निवडक पेशी वाढूं लागतात; बी-पेशी प्रतिपिंडें तयार करितात, टी-पेशी बाधित पेशींचा नाश करितात. काम संपलें कीं त्यांतील बहुतेक मरून जातात व थोड्या आठवण म्हणून मागें उरतात. दवंडी, ओळख, आंवरतें घेणें आणि आठवण, असे या व्यवहाराचे चार भाग आहेत. त्यांतील एकाचेंहि वर्णन ‘शक्ति’ या शब्दानें नीट होत नाहीं.

आंवरतें घेणें हा भाग तर शक्तीच्या अगदीं उलट. कित्येक रोग्यांचा घात शरीराच्या स्वतःच्याच बेफाम प्रतिक्रियेनें झाला. दाह थांबेना, फुप्फुसें भरून आलीं, रक्ताच्या गुठळ्या झाल्या. जून २०२० मध्यें इंग्लंडांतील ‘रिकव्हरी’ नांवाच्या चाचणीचा निष्कर्ष बाहेर आला कीं, डेक्सामेथासोन हें जुनें व स्वस्त औषध कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यु सुमारें एक तृतीयांशानें कमी करतें. हें औषध विषाणूस मारीत नाहीं. तें शरीराची प्रतिक्रिया दाबतें. ज्यांस प्राणवायूची गरज लागली नव्हती, त्यांस त्याचा लाभ झाला नाहीं. प्रतिकारशक्ति वाढविण्याच्या नादीं लागलेल्या समाजाला, ती दाबणारें औषध प्राण वांचवतें हें कसें उमजावें? आणि जेथें तेंच औषध अवेळीं व अतिरेकानें दिलें गेलें तेथें, विशेषतः मधुमेह्यांत, २०२१ सालीं काळ्या बुरशीनें डोळे आणि जबडे नेले.

बुलढाणा जिल्ह्याचें उदाहरण घ्या. घाटावर चिखली-मेहकर, घाटाखालीं खामगांव-मलकापूर, असा हा शेतकऱ्यांचा मुलूख. मार्च २०२० च्या अखेरीस बुलढाण्यांत या साथीचा पहिला बळी गेला. शेगांवचें श्रीगजाननमहाराजांचें मंदिर त्याच महिन्यांत बंद झालें, तें नोव्हेंबरपर्यंत उघडलें नाहीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें वऱ्हाडांत रोग पुन्हां उसळला व जिल्ह्यावर पुन्हां निर्बंध आले. अंगमेहनतीच्या अशा मुलखांत शक्तीला मोठा मान असतो. ‘दुखणें अंगावर काढणें’ हा वाक्प्रचार आपण थोड्याशा कौतुकानेंच वापरतों. परंतु या रोगांत रक्तांतील प्राणवायु घटला तरी पुष्कळदां धाप लागत नाहीं. मनुष्य बोलतो, चालतो, आणि मग एकाएकीं कोसळतो. नांगर धरणाऱ्या गड्याला ‘तुझी शक्ति चांगली आहे’ असें सांगणारा शब्द त्याला दवाखान्यापासून दूर ठेवतो.

शक्तीच्या मागोमाग युद्धाची भाषा आली. ‘कोरोना योद्धा’ म्हणून परिचारिकांचा व आशाताईंचा गौरव झाला, तो योग्यच. पण युद्ध म्हटलें कीं जो दगावला तो हरला असें होतें, आणि ज्याच्या घरीं रोग शिरला तें घर शत्रूच्या बाजूचें ठरतें. आपल्या भाषेंत रोगाच्या फैलावाला आणि सोबतीला एकच शब्द आहे, तो ‘साथ’. त्या शब्दांत जो शहाणपणा आहे, तो युद्धाच्या भाषेंत नाहीं.

सर्वांत मोठें नुकसान आठवणीचें झालें. ज्याला देवी एकदां येऊन गेल्या त्याला पुन्हां येत नाहींत, हें खेड्यांतील कोणतीहि म्हातारी जाणत होती. तोंडावरचे वण ही शरीराच्या आठवणीचीच खूण. जून १८०२ मध्यें मुंबईंत एका तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानांतील पहिली देवीची लस टोचली गेली. लस म्हणजे पुरता रोग भोगायला न लावतां शरीराला करून दिलेली ओळख. २००३ सालच्या सार्सच्या रोग्यांत १७ वर्षांनींहि त्या रोगाची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी सांपडल्या. १६ जानेवारी २०२१ रोजीं आपल्याकडे कोरोनाचें लसीकरण सुरू झालें. पुढें ओमायक्रॉननें प्रतिपिंडांस बरेंच चकविलें, तेव्हां ‘लस घेऊनहि आजार आला, मग शक्ति कसली?’ असा प्रश्न लोकांनीं केला. शक्तीच्या भाषेंत त्याला उत्तर नव्हतें. आठवणीच्या भाषेंत तें सोपें आहे: ओळखीचा चोर दाराशीं अडेलच असें नाहीं, पण तो शिरतांच घर लवकर जागें होतें. त्यामुळें आजार आला तरी बहुतेकांचा जीव वांचला.

रूढ शब्द हटविणें कोणाच्या हातीं नसतें, हें आम्ही जाणतों. ‘रोगप्रतिकारशक्ति’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत राहीलच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आरोग्यावर लिहिणाऱ्यांनीं त्यापुढें ‘वाढवा’ हें क्रियापद लिहिण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि शरीराची ओळख, शरीराचा संयम, शरीराची आठवण हे साधे शब्द वापरून पाहावेत. ते समजावयास वऱ्हाडांतल्या कोणाहि शेतकऱ्याला शब्दकोश लागणार नाहीं. आणि पुढची साथ येईल तेव्हां तो दुखणें अंगावर काढणार नाहीं, अशी आशा धरावयास जागा राहील.